चर्चगेटचं गेट चर्चगेटला नव्हतंच!

काय सांगू बाप्पा, हे कळल्यापासून मी भेटेल त्याला धरून सांगतो आहे. वाशीमच्या पाटणी चौकात चहा पिताना सांगितलं, अकोल्याच्या गाडीत शेजारच्या प्रवाशाला सांगितलं, घरी तर आता विषय काढला की बायको उठून आत जाते. पण राहवत नाही. मुंबईतलं चर्चगेट ज्या दरवाजावरून चर्चगेट झालं, तो दरवाजा चर्चगेट स्टेशनपाशी नव्हता. तो होता आज जिथे फ्लोरा फाउंटन आहे तिथे. म्हणजे हुतात्मा चौकात! आणि आता या दोन्ही नावांची दोन भुयारी मेट्रो स्थानकं झाली आहेत, एकाला लागून एक. हुतात्मा चौक सोडलं की पुढचं चर्चगेट. दरवाजा मागच्या स्थानकाच्या डोक्यावर, नाव पुढच्या स्थानकाच्या पाटीवर!

आम्हा वाशीमकरांचा मुंबईला जायचा रस्ता ठरलेला. अकोल्याला जायचं, रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस किंवा अमरावतीची गाडी धरायची, सकाळी सीएसएमटी. तिथून पुढे टॅक्सी नाहीतर लोकल. यंदा भाचा न्यायला आला आणि म्हणाला, "मामा, या खेपेला जमिनीखालून जाऊ." मी आयुष्यात भुयारी रेल्वेत पाऊल ठेवलेलं नव्हतं. सरकत्या जिन्यांनी खाली, आणखी खाली, मग पाटीसमोर उभा राहिलो आणि तिथेच अडकलो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन, कफ परेड. पाच नावं. वाचता वाचता डोक्यात काहीतरी सुरू झालं. गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. भाचा कुजबुजला, "मामा, चला न आता. लोकं पाहून राह्यले."

पाहू देत! ही नावं कोणी ओळीत लावली नाहीत, मार्ग जसा गेला तशी ती लागत गेली. पण वाचायला बसलं तर आपल्या राज्याची जन्मकथा आहे ती.

आधी मार्ग सांगतो. मुंबईची तिसऱ्या क्रमांकाची मेट्रो, कफ परेड ते आरे, ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं. त्यातली २६ जमिनीखाली, फक्त आरेचं तेवढं वर. ती एकदम सुरू झाली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत आली, मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत पोचली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला उरलेल्या टप्प्याचं उद्‌घाटन होऊन दुसऱ्या दिवसापासून थेट कफ परेडपर्यंत धावू लागली. या शेवटच्या टप्प्यातलं माझं लाडकं स्थानक म्हणजे हुतात्मा चौक. लाडकं का, ते आता सांगतो.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी मुंबईच्या त्यांच्या वस्तीभोवती भिंत घातली. त्या कोटाला तीन मोठे दरवाजे: दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बाजार गेट आणि पश्चिमेला चर्च गेट. चर्च म्हणजे सेंट थॉमसचं, १७१८ साली उघडलेलं, आजही हॉर्निमन सर्कलजवळ उभं असलेलं. या चर्चपासून मुंबईचे मैल मोजत. शहरात ते मैलाचे जुने दगड अजून सापडतात! तर चर्चकडे जाणारा दरवाजा म्हणून चर्च गेट. पुढे १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात हा कोट पाडला. शहर वाढलं होतं, भिंतीत मावत नव्हतं. दरवाजा गेला आणि त्याच जागी १८६४ साली कारंजं उभं राहिलं.

आता या कारंज्याच्या नावाचीही गंमत ऐका. ते मुळात तिथे बसायचंच नव्हतं. पश्चिम भारताच्या शेती-बागायत संस्थेने ते भायखळ्याच्या बागेसाठी, म्हणजे आपल्या राणीच्या बागेसाठी योजलं होतं. त्याला नावही गव्हर्नर फ्रिअरचं द्यायचं चाललं होतं. ते बदललं आणि रोमन लोकांच्या फुलांच्या देवीचं, फ्लोराचं नाव राहिलं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ या इंग्रज वास्तुकाराचा, मूर्ती कोरल्या जेम्स फोर्साइथने, दगड इंग्लंडच्या पोर्टलंडचा आणि पैशांचा मोठा वाटा पारशी दानशूर कर्सेटजी फर्दूनजी पारेख यांचा. भायखळ्याची बाग हुकली, गव्हर्नरचं नाव हुकलं, आणि एका पाडलेल्या दरवाजाच्या जागी परदेशी देवी येऊन उभी राहिली.

मग दरवाजाचं नाव गेलं कुठे? ते पश्चिमेला निघालं! चर्चपासून कारंज्यावरून समुद्राकडे जाणारा रस्ता चर्चगेट स्ट्रीट झाला, आजचा वीर नरिमन रोड. त्याच्या टोकाला १८७० साली बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचं स्टेशन आलं, त्याने तेच नाव उचललं. रूळ तेव्हा पुढे कुलाब्यापर्यंत जात. ३१ डिसेंबर १९३० ला कुलाब्याचं स्टेशन बंद झालं आणि चर्चगेट शेवटचं ठरलं. आज लाखो माणसं रोज चर्चगेटला उतरतात. त्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल, की आपण ज्या गेटच्या नावाने उतरतो ते इथून दहा मिनिटांच्या चालीवर होतं? मी भाच्याला विचारलं. तो मुंबईत नोकरी करतो. म्हणाला, "मले काय माहीत? मी तर रोज झोपेतच उतरतो."

मी त्याला हुतात्मा चौकालाच खाली उतरवलं आणि वर नेलं. वर आल्यावर डोळे विस्फारले. एकीकडे ते पांढरं कारंजं, पलीकडे उच्च न्यायालय आणि विद्यापीठाकडे जाणारे रस्ते. कारंज्याशेजारी जुन्या ट्रामचे रूळ मांडून ठेवलेले! २०१८ च्या सुमारास चौकाच्या सुशोभीकरणासाठी खोदकाम चाललं होतं, तेव्हा डांबराखालून ते वर आले. मुंबईत १८७४ ला घोड्यांची ट्राम आली, १९०७ ला विजेची, आणि १९६४ मध्ये शेवटची धावून बंद झाली. रूळ मात्र तसेच, डांबराच्या पोटात. म्हणजे या एका चौकात कोटाचा दरवाजा, त्यावर कारंजं, त्याच्या बाजूने ट्राम आणि या सगळ्याच्या खाली मेट्रो. आणि मधोमध ते शिल्प: शेतकरी आणि कामगार, हाती मशाल.

इथे माझा उत्साह जरा वेगळा झाला.

२१ नोव्हेंबर १९५५. त्याआधी महिनाभरच राज्य पुनर्रचना आयोगाचा, म्हणजे फाजल अली आयोगाचा अहवाल जाहीर झाला होता. मुंबई, गुजरात, मराठवाडा मिळून द्विभाषिक राज्य आणि मध्य प्रदेशातल्या आठ मराठी जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य, अशी त्याची शिफारस. मुंबई पेटली. २० नोव्हेंबरला चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळली. दुसऱ्या दिवशी संप. गिरण्यांतून, कारखान्यांतून, चाळींतून माणसं निघाली ती विधिमंडळाच्या दिशेने. फ्लोरा फाउंटनपाशी त्यांना अडवलं. गोळीबार झाला. त्या दिवशी १५ जण गेले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली आणि पुन्हा गोळ्या चालल्या. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन संपेपर्यंत शंभराहून अधिक माणसं गेली. '१०५ हुतात्मे' हा आकडा आपण शाळेपासून ऐकतो. तो ज्या जागेपासून सुरू झाला, त्या जागेला हुतात्मा चौक म्हणू लागले, आणि फुलांच्या देवीचं नाव मागे पडलं. मागे पडलं, पुसलं गेलं नाही. मुंबईकर आजही 'फाउंटन' म्हणतात. मेट्रोची पाटी मात्र लिहायची होती तेव्हा तिथे हुतात्मा चौकच लिहिलं गेलं.

आता वाशीमकर म्हणून मला जे उमजलं ते सांगतो, कारण या लेखाचा जीव तिथे आहे. मी लहानपणापासून संयुक्त महाराष्ट्र म्हणजे मुंबईची लढाई समजत आलो. आपलं काय त्यात? आपण तर वऱ्हाडात! पण वऱ्हाडाचा इतिहास उलगडा. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिलं. त्याच १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली. इकडे मुंबईत रेल्वे सुरू होत होती, तिकडे आपला कारभार बदलत होता! इंग्रजांनी वाशीमला 'बासिम' लिहिलं, त्या नावाचा जिल्हाही केला आणि १९०५ ला तो मोडून वाशीम अकोल्यात विरवून टाकलं. त्याआधी १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं होतं. म्हणजे आपली राजधानी नागपूर. मुंबई इलाख्याशी आपला कारभाराचा संबंधच नव्हता.

मग हे दोघे जवळ आले कसे? त्यातला एक मोठा दुवा आपल्याच जिल्ह्याचा! ८ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याला आठवडा उरलेला असताना, अकोल्यात करार झाला: एका मराठी राज्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलाच तालुका. पुढे २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार, ज्यातून विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरवण्याचं ठरलं. सगळ्यांना हे मान्य होतं असं मुळीच नाही. अकोल्याचे विदर्भकेसरी ब्रिजलाल बियाणी आणि लोकनायक बापूजी अणे वेगळ्या विदर्भासाठी उभे होते, आणि तो सूर आपल्याकडे आजही ऐकू येतो. चहाच्या टपरीवर या विषयावर दोन तास सहज जातात! पण घडलं ते असं, की १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ आणि मुंबई एका मोठ्या द्विभाषिक राज्यात आले, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. वाशीम आणि मुंबई यांचा एकच मुख्यमंत्री असणं ही अवघ्या सत्तर वर्षांची गोष्ट आहे. हे मला मुंबईत, जमिनीखाली, एका स्थानकाच्या पाटीपाशी उमजलं! घरी बसून का नाही सुचलं, देव जाणे.

त्या चौकातून पुन्हा खाली उतरलो तेव्हा मी नावं वाचतच सुटलो होतो. पूर्ण मार्गाचं तिकीट, सत्तर रुपये, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही बसा, मी डबा खातो." मी वाचत बसलो. आणि बघा काय सापडलं.

हुतात्मा चौकाआधी गिरगाव, त्या चळवळीचं घर. मुंबई सेंट्रलच्या खालच्या स्थानकाचं नाव जगन्नाथ शंकरशेट! नाना शंकरशेटांनी १८४५ च्या सुमारास जमशेटजी जीजीभाईंबरोबर भारतात रेल्वे यावी म्हणून संस्था काढली, तेव्हा देशात प्रवाशांची आगगाडी धावत नव्हती. वरच्या टर्मिनसला त्यांचं नाव द्यावं ही मागणी जुनी आहे. खालच्या स्थानकाला ते आधी लागलं. पुढे वरळीला आचार्य अत्रे चौक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढाईत 'मराठा' दैनिक काढून तोफ डागणारे अत्रे! 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारेही तेच. पाच महिने ही गाडी अत्रे चौकापाशीच थांबत होती, मग हुतात्मा चौकापर्यंत गेली. इतिहासातही क्रम असाच होता का, असा विचार मनात आला. पण इतिहासात हुतात्मे आधी आणि 'मराठा' नंतर. १९५५ चा नोव्हेंबर गेला, पेपर निघाला १९५६ च्या नोव्हेंबरात. गाडी तो क्रम उलटा दाखवते, आरेकडून येणाऱ्यालाच!

आणि या नावांखेरीज गावं. काळबादेवी, शितळादेवी, सहार, मरोळ, धारावी. इमारतींच्या जंगलात जी गावं आणि देवळं हरवली म्हणतात, ती सगळी पाटीवर, मोठ्या अक्षरांत. विद्यानगरी म्हणजे विद्यापीठाचा कालिना परिसर. काही स्थानकांच्या नावापुढे आता कंपन्यांचीही नावं चिकटलेली दिसतात, कारण नामाधिकार विकून मेट्रो पैसा उभा करते. कोणाच्या नावाशेजारी कोण बसणार, यावर पुढे कोणी तरी लेख लिहीलच.

आता आणखी एक गोष्ट, आणि ही ऐकून माझ्याबरोबर तुम्हीही उडी माराल. ही भुयारं खोदणाऱ्या प्रचंड यंत्रांना नावं होती. आणि ती नद्यांची! कृष्णा, गोदावरी, तापी, वैतरणा, तानसा, वैनगंगा. २०१७ ला पहिलं यंत्र माहीमच्या नया नगरात खाली उतरलं आणि २०२२ च्या नोव्हेंबरअखेर महालक्ष्मीला शेवटचं भुयार फुटून खोदकाम पुरं झालं. धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मध्ये तर ती मिठी नदीच्याही खालून गेली. नदीच्या नावाचं यंत्र नदीखालून!

आता वाशीमचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेचं पाणी पैनगंगेला जातं. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. उत्तरेकडे काटेपूर्णा उगम पावते, ती पूर्णेला मिळते आणि पूर्णा तापीला. म्हणजे वाशीमच्या एका बाजूचा पाऊस गोदावरीतून बंगालच्या उपसागरात, दुसऱ्या बाजूचा तापीतून अरबी समुद्रात. आणि मुंबईच्या पोटात भोकं पाडणाऱ्या यंत्रांत वैनगंगाही होती, गोदावरीही होती, तापीही होती! आपलं पाणी मुंबईखालून गेलं, असं म्हणायला मी मोकळा. भूगोलाच्या मास्तरांनी आक्षेप घेतला तर चहा माझ्याकडून.

नावं बदलतात, यात मुंबई एकटी नाही. देशातली पहिली भुयारी रेल्वे कोलकात्याची, २४ ऑक्टोबर १९८४ ची, एस्प्लनेड ते भवानीपूर. ते भवानीपूर पुढे नेताजी भवन झालं, टॉलीगंज झालं महानायक उत्तम कुमार, नटाचं नाव! लंडनला जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली ती १८६३ मध्ये. त्याच सुमारास मुंबईत कोट पडत होता आणि पुढच्याच वर्षी कारंजं उभं राहिलं. जगाच्या एका टोकाला माणसं जमिनीखाली शिरत होती, दुसऱ्या टोकाला भिंती पाडून बाहेर पडत होती. आणि वाशीम? ते वाकाटकांच्या राजधानीचं, वत्सगुल्माचं वारसदार; अजिंठ्याची बरीच लेणी ज्याच्या काळात कोरली गेली त्या हरिषेणाची ही गादी. आपण नावांच्या थरांवरच राहतो, फक्त पाटी एकच लावलेली आहे.

आता शेवटची गोष्ट. १९५५ चा मोर्चा विधिमंडळावर निघाला होता. तेव्हा विधिमंडळ भरत असे रिगलजवळच्या जुन्या इमारतीत. नरिमन पॉइंटचं आजचं विधान भवन १९८१ चं. मोर्चा फाउंटनपाशी अडवला गेला, पुढे जाता आलं नाही. आज तुम्ही हुतात्मा चौकाला गाडीत बसलात तर पुढचं चर्चगेट आणि त्याच्या पुढचं विधान भवन. विधिमंडळाचीच दिशा. दोन स्थानकं. कोणी अडवत नाही. आणि त्या विधान भवनात वाशीम, रिसोड, कारंजा अशा आपल्या जिल्ह्याच्या तिन्ही आमदारांच्या खुर्च्या आहेत. १९५५ मध्ये त्या मुंबईच्या विधिमंडळात वाशीमचा एकही माणूस बसत नव्हता, कारण आपण त्या राज्यातच नव्हतो.

म्हणून सांगतो, वाशीमहून मुंबईला जाल तेव्हा सीएसएमटीला उतरल्या उतरल्या टॅक्सीकडे धावू नका. खाली जा. पाटीसमोर उभे राहा आणि पाच नावं वाचा. लोकं पाहून राह्यले तर पाहू द्या. हुतात्मा चौकाला उतरा, वर या, कारंज्यासमोर उभं राहून कोणाला तरी विचारा, "भाऊ, चर्चगेट कुठे?" तो तुम्हाला पश्चिमेकडे बोट दाखवेल. मग त्याला सांगा, "नाही, तुम्ही त्यावरच उभे आहात." आणि त्याचा चेहरा बघा!